घडीची आतली बाजू

आधी मला उघडा. दुमडलेला असलो की माझं तोंड बंद असतं.

हं, आता ठीक. मी एक भिंग बोलतोय. पितळेचा, तीन पट्ट्यांचा, मिटलो की काडेपेटीएवढा. खालच्या पट्टीत एक इंचाचा चौकोन, वरच्या पट्टीत काच. कापडावर ठेवायचं, डोळा लावायचा आणि इंचात धागे किती ते बघायचं, हा माझा जन्माचा धंदा. सध्या मुक्काम हॉलंडमधल्या अ‍ॅमस्टेलव्हीनला, एका भारतीय किराणा दुकानाच्या काउंटरवर, हिंगाच्या डब्यांच्या शेजारी. इथवर कसा पोचलो ते सांगतो. घाईत असलात तरी ऐका, शेवटी तुमच्याच फायद्याचं एक काम आहे.

मला घडवलं मुंबईच्या एका काचवाल्याने, पण अक्कल आली ती इचलकरंजीत, बाळासाहेबांच्या पेढीवर. बाळासाहेब चौथी शिकलेले. बाकीचं शिक्षण कापडाने दिलं. विणकर तागा घेऊन यायचा आणि बाहेरचं टोक पुढे करायचा.

"इथं लावा की भिंग, मालक. उजेड चांगला हाय इथं."

"उजेड चांगलाच हाय. पर मला पोट बघू दे."

असं म्हणून बाळासाहेब चार-पाच हात कापड आतून ओढून काढायचे. मग डोळे मिटून अंगठा आणि बोटात ते चोळायचे. आधी बोट, मग मी. एकदा कुणीतरी विचारलं, "बोटाला कळतंय तर भिंग कशाला?" बाळासाहेब म्हणाले, "बोट मला सांगतं. भिंग समोरच्याला सांगतं." मला तेव्हा वाईट वाटलं होतं. म्हणजे न्याय करणारं बोट, मी नुसता साक्षीदार.

पण खरं सांगायचं तर हेच बाळासाहेब विकायला बसले की डाग असलेली बाजू आत घालून घडी घालायचे. "गिऱ्हाइकानं विचारलं तर दाखवायची. न विचारता कशाला?" घेताना पोट बघायचं आणि विकताना पोट झाकायचं. पेढीवर याला कुणी विसंगती म्हणत नसे, धंदा म्हणत.

त्यांचा मुलगा श्रीनिवास कॉम्प्युटर शिकून हॉलंडला निघाला, तेव्हा बाळासाहेबांनी मला त्याच्या खिशात टाकलं. "तिकडं कापड नसंल, पर गंडवणारं असतीलच." दहा वर्षं नोकरी झाल्यावर श्रीनिवासच्या रक्तातली पेढी उसळली आणि त्याने हे दुकान काढलं. बायको मंजूषाने शहाणपणाने आपली बँकेतली नोकरी सोडली नाही. मी इथे तुरीच्या डाळीतले किडे शोधले, पाकिटांवरच्या मुंगीएवढ्या तारखा वाचल्या. मग श्रीनिवासला चांगला चष्मा लागला आणि माझी रवानगी खणात झाली. मेलेल्या बॅटऱ्या, रबरबँड आणि मी. दोन वर्षं.

मला बाहेर काढलं ते त्यांच्या लेकीने, वल्लरीने. तेव्हा ती नऊ वर्षांची होती, सायकलवरून पडून गुडघा सोलून आली होती. मलमपट्टी शोधता शोधता मी तिच्या हाती लागलो. तिने मला मनगटावर ठेवलं, डोळा लावला आणि बराच वेळ हललीच नाही.

"बाबा, कैक," ती डचमध्ये म्हणाली, म्हणजे बघा. मग मराठीत, "इथे पण विणलंय."

खरंच होतं ते. कातडीवरच्या बारीक रेघा, उभ्या, आडव्या, तिरक्या. इतकी वर्षं मी कापड बघितलं, पण ज्या हाताने ते धरलं होतं तो कधी बघितला नव्हता. त्या दिवसापासून मी वल्लरीचा झालो. आईची चामखीळ, बाबांच्या मानेवरचा तीळ, शेजारच्या मेधाकाकूंच्या कपाळावरचा वांग, सगळ्यांची तपासणी झाली. मेधाकाकू म्हणाल्या, "आमच्या हाउसआर्ट्सने सुद्धा मला इतका वेळ दिला नाही गं." हाउसआर्ट्स म्हणजे इथला घरचा डॉक्टर, जो बहुतेक दुखण्यांवर पॅरासिटामॉल घ्या म्हणतो.

त्वचेची डॉक्टर व्हायचं, हे तेव्हाच ठरलं. पण रस्ता वळणाचा निघाला. वल्लरी अमेरिकेत शिकायला गेली आणि तिला डी.ओ.च्या, म्हणजे ऑस्टिओपॅथिक कॉलेजात प्रवेश मिळाला. अमेरिकेत डॉक्टर व्हायच्या दोन वाटा आहेत, एम.डी. आणि डी.ओ. दोघेही औषधं देतात, शस्त्रक्रिया करतात. डी.ओ.ला वर आणखी एक शिक्षण असतं, हाताने शरीर चाचपून ओळखायचं. वल्लरी डोळे मिटून मैत्रिणींच्या पाठी चाचपायची. मी एप्रनच्या खिशातून ते बघायचो आणि मला इचलकरंजी आठवायची.

अडचण पुढे होती. त्वचारोगाच्या रेसिडेन्सीच्या, म्हणजे पदवीनंतरच्या प्रशिक्षणाच्या, जागा मोजक्या आणि मागणारे सगळे वर्गात पहिले आलेले. त्यात निवडणाऱ्यांचं झुकतं माप एम.डी.ला. एका सिनियरने तिला सांगितलं, "कुटुंबवैद्य हो, सुखाने जगशील. त्वचेच्या दारात डी.ओ. उभा राहिला की आधी बाकीच्यांना आत घेतात." वल्लरीने एम.डी. आणि डी.ओ. दोन्हींच्या परीक्षा दिल्या, चांगल्या दिल्या. आता तिला हवं होतं संशोधन आणि एखाद्या मोठ्या माणसाचं शिफारसपत्र. ते मिळालं तर आशा, नाहीतर नाही.

म्हणून तिसऱ्या वर्षानंतर एक वर्ष ती घरी आली. इथल्या एका रुग्णालयात त्वचाविभागाच्या प्रमुख होत्या डॉ. मारेइके ब्राउवर. त्यांना मेल लिहायला ती दुकानाच्या मागच्या खोलीत बसली, तांदळाच्या पोत्यावर लॅपटॉप ठेवून. श्रीनिवास मागे उभा.

"ते ऑस्टिओपॅथिक काढ."

"बाबा, माझ्या कॉलेजचं नावच ते आहे."

"नुसतं मेडिकल स्टुडंट लिही. खोटं आहे का?"

"नाही, पण..."

"वल्लू, या देशात ऑस्टिओपॅथ म्हणजे मानपाठ मोडून देणारा. त्याला इथे डॉक्टर धरत नाहीत. त्या बाई एवढं वाचतील आणि मेल पुसतील. आधी आत तर जा. विचारलं तर सांग."

आजोबांची घडी. समुद्र ओलांडून आली, पण इस्त्री तशीच. मंजूषा तेवढं म्हणाली, "श्रीनिवास, ही साडी नाहीये." पण वल्लरीचा जीव टांगणीला लागला होता. तिने तो शब्द खोडला आणि मेल पाठवली. चार दिवसांत होकार आला. श्रीनिवासने दुकानात पेढे वाटले. कुणी विचारलं तर "मुलगी एम.डी. करतेय" असं सांगितलं. मी काउंटरवर होतो. मला ऐकू आलं, पण मी मिटलेला होतो.

सहा महिने वल्लरी संगणकावर तिळांचे फोटो लावत बसली. काम उत्तम, पण मन खात होतं. इथे प्रमुखालाही पहिल्या नावाने हाक मारतात. वल्लरीच्या तोंडून "मारेइके" निघायचं ते अर्धंच.

मग फेब्रुवारीत मेनेर, म्हणजे श्रीयुत, खेरित आले. वय अठ्ठ्याहत्तर, उभा जन्म ट्यूलिपच्या शेतावर काढलेला, भिजलेली पँट तशीच ठेवून सायकलवरून आलेले. दंडावर काळा ठिपका होता, म्हणून बायकोने पाठवलं होतं. मारेइकेंनी दिव्याचं भिंग लावलं. माझी ती श्रीमंत चुलतबहीण, डर्मॅटोस्कोप. ठिपका निरुपद्रवी निघाला.

"बायकोला सांगा, तुम्ही बरोबर होतात," मारेइके म्हणाल्या.

"ते सांगून मला घरी मरायचं नाहीये," म्हातारबाबा म्हणाले आणि उठायला लागले.

वल्लरी त्यांना कोट चढवायला मदत करत होती. कॉलर सारखी करताना तिची बोटं त्यांच्या डाव्या कानामागून गेली आणि थांबली. पुन्हा फिरली. तिने डोळे मिटले होते.

"मेनेर, एक मिनिट बसता का?"

मी खिशातून बाहेर आलो. तिने मला कानामागे टेकवलं. मी जीव तोडून बघितलं. थोडी लाली, बाकी काही नाही. म्हाताऱ्याची कातडी असते तशी. दिव्याच्या भिंगालाही फारसं दिसलं नाही.

"मारेइके, बघू नका. हात लावा," वल्लरी म्हणाली. तेव्हा पहिल्यांदा ते नाव तिच्या तोंडून पूर्ण निघालं. "पॉलिश पेपरसारखं लागतंय. आणि खाली कडक आहे."

मारेइकेंनी बोट फिरवलं. त्याही थांबल्या. तुकडा काढून तपासायला गेला. उन्हाने झालेला कर्करोग निघाला, अगदी सुरुवातीचा. छोट्या शस्त्रक्रियेत मिटला. म्हातारबाबा पुढच्या वेळी कांद्यांची पिशवी घेऊन आले, ट्यूलिपच्या, खायच्या नव्हे. श्रीनिवासने त्या रात्रीच ते फोडणीला घालायच्या आत मंजूषाने हिसकावून घेतले.

पण मी पुढे पळतोय. अहवाल आला त्या दिवशी मारेइकेंनी वल्लरीला बोलावलं. पाव-चीज खात होत्या.

"असं तपासायला तुला कुणी शिकवलं?"

बघा, आता विचारलं होतं. तरी ती "आजोबांनी" म्हणून सुटू शकली असती, तेही अगदी खोटं नव्हतं, डोळे मिटून चाचपायची रीत त्यांचीच होती. एप्रनच्या खिशात तिच्या मुठीत मी होतो. तिने मूठ सोडली.

"माझ्या कॉलेजने," ती म्हणाली. "मी ऑस्टिओपॅथिक कॉलेजची विद्यार्थिनी आहे. दोन वर्षं आम्ही हाताने तपासायला शिकतो. मेलमध्ये मी तो शब्द मुद्दाम काढला होता."

मारेइकेंनी पाव खाली ठेवला. इथली माणसं मनातलं तोंडावर बोलतात, त्याला उद्धटपणा समजत नाहीत.

"मला राग आलाय. डिग्रीचा नाही. तू मला काय वाटेल ते माझ्याऐवजी ठरवून टाकलंस, त्याचा."

"हो."

"शिफारसपत्राचं मी आता काही सांगत नाही."

त्या संध्याकाळी वल्लरीने घरी सगळं सांगितलं. श्रीनिवासने ते ऐकून घेतलं. मग म्हणाला, "चूक माझी आहे. घडी मी घातली होती."

"खोडलं मी, बाबा," वल्लरी म्हणाली.

तीन आठवडे मारेइके कामापुरतं बोलल्या. चौथ्या आठवड्यात त्यांनी पत्राची एक प्रत तिच्या टेबलावर ठेवली. शिफारसपत्र गुप्त ठेवणं त्यांना पटत नसे. त्यात सगळं होतं, लपवलेला शब्दसुद्धा. "तिने माझ्यापासून एक गोष्ट दडवली आणि विचारताच, नुकसान होणार हे माहीत असताना, सांगितली. ती ऑस्टिओपॅथिक विद्यार्थिनी आहे. माझ्या विभागात त्या दिवशी एका माणसाचा कर्करोग सापडला, तो तिच्या त्याच शिक्षणामुळे."

"हे वाचून कुणी घेईल का मला?" वल्लरीने विचारलं.

"जे घेतील ते तुला घेतील," मारेइके म्हणाल्या.

वल्लरी अमेरिकेत परतली. ढीगभर अर्ज केले. बहुतेकांकडून उत्तर नाही. सहा मुलाखती आल्या आणि त्यातल्या चारांत त्या पत्राचा विषय निघाला. मी प्रत्येक वेळी खिशात होतो, साक्षीदार म्हणून.

निकालाच्या सोमवारी, मार्चमध्ये, ती सुट्टीला इथे होती. इथल्या दुपारी तीनला मेल येणार होती. जागा मिळाली की नाही, एवढंच सोमवारी कळतं, कुठे ते शुक्रवारी. श्रीनिवास तोच तो शेल्फ तिसऱ्यांदा पुसत होता. मंजूषा बँकेला दांडी मारून आली होती. तीनला वल्लरीने फोन उघडला, वाचला आणि आईच्या खांद्यावर डोकं ठेवलं.

"मिळाली," ती म्हणाली. "त्वचेचीच."

श्रीनिवास फडकं हातात घेऊन तसाच उभा. तेवढ्यात मेधाकाकू कढीपत्ता घ्यायला आल्या आणि सगळ्यांचे ओले डोळे बघून घाबरल्या. कळल्यावर म्हणाल्या, "अरे वा. एम.डी. ना?"

"नाही, मेधाताई," श्रीनिवास म्हणाला. "डी.ओ. ऑस्टिओपॅथिक. बसा, सांगतो." आणि त्याने स्टूल पुढे सरकवलं. कढीपत्ता सुकेपर्यंत तो सांगत होता.

निघताना वल्लरीने मला काउंटरवर ठेवलं. तिच्याकडे आता दिव्याचं भिंग आहे. "बाबा, हे इथेच असू दे. आणि मिटू नका." म्हणून मी दिवसभर उघडा असतो. लेकरं माझ्यातून तांदूळ बघतात. मला कशाची तक्रार नाही. बाळासाहेबांनी मला नम्रता शिकवली, एका नऊ वर्षांच्या मुलीने खणातून काढलं, आणि एका परक्या देशातल्या बाईने मी ज्याचा साक्षीदार झालो ते कागदावर उतरवलं. एका भिंगाला आणखी काय हवं?

आता तुमचं ते काम. सायकल चालवता, उन्हात बाग करता, शनिवारी मुलांच्या मॅचला उभे राहता. तर आज घरी गेलात की कानामागे एकदा बोट फिरवा. खरखरीत लागलं तर डॉक्टरकडे जा, आणि पॅरासिटामॉलवर परत येऊ नका. मला ते दिसणार नाही. तुमच्या बोटाला कळेल.