घेण्यास नकार

"तात्या, ह्या नोटिसा वाटायच्या न्हायत. नुसतं लिवायचं, 'घेण्यास नकार'. खाली सही ठोका."

सेक्रेटरी अविराजने तेवीस पाकिटांचा गठ्ठा नागेशपुढे सरकवला. लासुर्ण्याजवळच्या एका गावातल्या दूध सोसायटीत नागेश तीस वर्षं शिपाई होता. निवडणूक महिन्यावर आली होती. चेअरमन विजयसिंहरावांना मत न देणारे तेवीस सभासद 'अक्रियाशील', म्हणजे दूध न घालणारे, ठरवून यादीतून काढायचे होते.

"पन त्यांचं म्हननं ऐकाय लागतं ना? सहकाराच्या शिबिरात ते सायेब सांगत व्हते, घटनेत दुरुस्ती झालीय. सोसायटी हा मानसाचा हक्क हाय म्हनून."

"मग? त्यासाठीच तर नोटिसा काढल्यात. वर कुनी इचारलं तर कागद दाखवायचा."

पहिल्या चार-पाच सह्यांना नागेशचा हात अडखळला. नंतर सराईतपणे चालत गेला. पुढे त्याला सगळ्यात जास्त किळस आली ती याचीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोजरबाई नेहमीसारखी दूध घालायला आली. एकटी बाई, दोन म्हशी, वर्षानुवर्षं एका दिवसाचा खाडा नाही. ती म्हणे अक्रियाशील! नागेशने तिचं दूध मापलं. तिची नोटीस शेजारच्याच ड्रॉवरात पडली होती.

"तात्या, तोंड का उतरलंय? जेवता का न्हाय?"

त्याने पुढची किटली ओढली.

पंधरा दिवसांनी सभेत नावं वाचली गेली, तशी गोजरबाई उभी राहिली. "मला काढलं, ते इचारलं का कुनी?"

"नोटीस तुमीच घेतली न्हाय, मावशी," विजयसिंहराव गोड हसत म्हणाले. "नागेश, सांग रे त्यांना."

नागेश भेळेच्या पुड्यांची पाटी घेऊन दारात उभा होता. त्याने ती खाली ठेवली.

"मी कुनाच्या दारात गेलोच न्हाय. पाकिटावरचं 'नकार' खोटं हाय. मीच लिवलंय, सह्या बी माझ्याच."

मागून कुणीतरी फिसकन हसलं.

"तात्यांना ऊन लागलंय," अविराज म्हणाला. "विषय मंजूर?"

"मंजूर! मंजूर!"

हात वर झाले. ज्यांच्या घरच्या लग्नांत गोजरबाईने पोळ्या लाटल्या होत्या, त्यांचेही झाले. तेच हात मग भेळेवर पडले. जाताना अविराजने नागेशकडून सोसायटीच्या किल्ल्या काढून घेतल्या.

बाहेर गोजरबाई थांबली होती.

"आज बोललास. त्या दिशी सकाळी म्या इचारलं, तवा काय झालं व्हतं?"

नागेश रिकाम्या खिशात किल्ल्या चाचपू लागला. तीच पुढे म्हणाली,

"उद्या इंदापूरला चल. निबंधक सायबापुढं हेच लिवून दे."

दुसऱ्या दिवशी त्याने लिहून दिलं. साहेबांनी अर्ज ठेवून घेतला, सुनावणीची तारीख दिली. तारखेचा कागद गोजरबाईने घडी करून कनवटीला लावला.

परतीची एस्टी निम्मी रिकामी होती. नागेश सरकून बसला, शेजारची जागा त्याने हाताने पुसली. गोजरबाईने आपलं अर्धं तिकीट काढलं आणि गाव येईपर्यंत दांडा धरून उभी राहिली.