मागे राहिलेला फ्रिजवाला

जगाचा शेवट जवळ आला आहे, ही बातमी पडदेवालीला लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात नवऱ्याकडून कळली होती. तेव्हापासून तो जवळच होता. मुलगी झाली, तिचे दुधाचे दात पडले, सासूबाई देवाघरी गेल्या, मुलगी शाळा संपवून मोकळी झाली, आणि शेवट आपला जवळचा जवळच. ‘निघालोच आहे’ असं फोनवर सांगत राहणारा पाहुणा असतो ना, ज्याच्यापायी घरच्यांचं जेवण निवून जातं, तसली त्याची गत. पडदेवाली मशीनवर पडदे शिवायची आणि मुकाट ऐकून घ्यायची.

नवरा फ्रिज दुरुस्त करायचा. हात चांगला होता, गिऱ्हाईक खूश असायचं. पण प्रार्थनेला जमणाऱ्या मंडळीत त्याची खरी ओळख वेगळीच. पवित्र शास्त्रातल्या, म्हणजे बायबलच्या शेवटच्या पुस्तकातलं एकूण एक संकट त्याने एका भल्यामोठ्या तक्त्यावर काढलं होतं: फुटणारे सात शिक्के, वाजणारे सात कर्णे, कोपाने भरलेल्या सात वाट्या, सात डोक्यांचं श्वापद. तक्ता बाहेरच्या खोलीत, बरोब्बर दारासमोर. आल्या-गेल्याला पाणी मिळायच्या आधी श्वापद दिसायचं. श्वापदाच्या कपाळावर तो कुठल्या ना कुठल्या सत्ताधाऱ्याचं नाव लिहायचा. तो सत्ताधारी निवडणूक हरला किंवा मेला, की त्यावर नव्या नावाचा कागद चिकटायचा. कागदावर कागद चढून श्वापदाच्या कपाळाला चांगलं टेंगूळ आलं होतं. फ्रिजवाल्याला त्यात कधी काही वावगं वाटलं नाही.

तक्त्याच्या मध्यावरून एक लाल बाण वर गेला होता. तो बाण म्हणजे त्याचा जीव की प्राण. महासंकट सुरू व्हायच्या आधी प्रभू आपल्या खऱ्या माणसांना एका क्षणात वर उचलून घेईल, त्यांचे कपडे जागच्या जागी पडतील, आणि बाकीचे बसतील हात चोळत, असं तो सांगायचा. सांगताना तो स्वतः कुठल्या बाजूला असेल याबद्दल ऐकणाऱ्याला तिळभर शंका राहू नये, असा त्याचा सूर असायचा. मंडळीतल्या बेकरीवाल्याचं म्हणणं नेमकं उलट. संकट सगळ्यांनाच सोसावं लागणार, उचलणं-बिचलणं त्यानंतर. दर रविवारी प्रार्थना आटोपली की दोघांची जुंपायची. प्रभू आपल्या पापांसाठी मेला, पुन्हा उठला, पुन्हा येणार, यावर दोघांचं एकमत होतं. भांडण होतं ते वेळापत्रकावरून. आणि ज्याच्या येण्यावरून भांडण, त्याने स्वतःच सांगून ठेवलंय की ती वेळ कुणालाही कळायची नाही!

“तो येईल तेव्हा येईल,” पडदेवाली म्हणायची. तिचा विश्वास होता, चांगला घट्ट होता. “आपण आपलं काम धड करत असावं, म्हणजे आल्यावर तोंड लपवायला नको.”

यावर नवरा तिच्याकडे कीव करत बघायचा.

शेवट जवळ असला की घरातली बरीच कामं टळतात. न्हाणीघरातला नळ गळतोय? थोड्या दिवसांसाठी कशाला बदलायचा! भिंतीचा रंग उडालाय? सगळी पृथ्वीच नवी होणार आहे. गिऱ्हाइकाला मात्र तो कॉम्प्रेसरवर वर्षाची हमी द्यायचा, आणि ती देताना त्याची जीभ कधी अडखळली नाही. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

नळाचं काय, गळत राहिला तरी माणूस जगतो. पण मुलीला नर्सिंग शिकायचं होतं. परीक्षेत ती पास झाली, मुलाखतही बरी गेली, आता फक्त बोलावणं यायचं होतं.

“इतक्या वर्षांचा कोर्स?” फ्रिजवाला म्हणाला. “तेवढी वर्षं आहेत कुणाकडे? त्यापेक्षा माझ्याबरोबर चार घरी ये, लोकांना सावध कर.”

“पप्पा, तोवर लोक आजारी पडायचे थांबणार आहेत का?”

“पोरी, तुला अजून काळाच्या खुणा ओळखता येत नाहीत.”

बरेच दिवस हे असं चाललं. शेवटी तोडगा त्यानेच काढला. एका संध्याकाळी जेवणाआधी हात जोडले आणि दोघींच्या देखत म्हणाला, “बोलावणं आलं तर ती प्रभूची इच्छा, मी आड येणार नाही. नाही आलं तर तीही त्याचीच इच्छा, मग तू हट्ट करायचा नाहीस.” मुलीने आमेन म्हटलं. पप्पांना बरं वाटावं म्हणून तिने नर्सिंगच्या शाळेला फोन नंबरही त्यांचाच कळवला. बिचारीला वाटलं, आनंदाची बातमी आधी त्यांच्या कानावर पडली तर ते विरघळतील.

बोलावणं आलंच नाही. बरोबरीच्या मुलींना आलं, त्या सामान बांधून गेल्याही. मुलगी औषधाच्या दुकानात काउंटरला उभी राहायला लागली. “मीच कुठेतरी कमी पडले गं, आई,” एवढंच म्हणाली, आणि त्यानंतर तिने तो विषय काढला नाही. फ्रिजवाला म्हणाला, “प्रभूने उत्तर दिलं.” पडदेवालीला मात्र आयुष्यात पहिल्यांदा वरच्याचा राग आला. पोरीने मागितलं होतं काय, तर लोकांचं दुखलंखुपलं पाहायला शिकवा, एवढंच! प्रार्थनेला बसली की तिच्या तोंडून शब्द फुटेना. ती नुसती डोळे मिटून बसायची.

अशाच एका दुपारी मुलगी दुकानातून येऊन कपडे बदलत होती. पडदेवालीने चहाला आधण ठेवलं होतं आणि मशीनवर एका पडद्याची किनार मारायला घेतली होती. तेवढ्यात तळमजल्यावर राहणाऱ्या मास्तरांच्या बायकोची, मास्तरीणबाईंची, किंकाळी आली.

“अहो, कुणीतरी या! हे पडले!”

मुलीने हातातले कपडे तिथेच खोलीच्या मध्ये टाकले, हाताला लागला तो गाऊन अंगावर चढवला आणि पुढच्या जिन्याने अनवाणी खाली पळाली. तिच्यामागे पडदेवाली, चपला आणि चष्मा तिथेच सोडून. समोरच्या बिऱ्हाडातलेही धावले. खाली मास्तर दारातच आडवे झाले होते, ओठ पांढरे पडलेले, पाण्याचा तांब्या लवंडलेला. मुलीने त्यांना कुशीवर वळवलं, सदऱ्याचं बटण सोडलं, श्वास पाहिला, समोरच्यांना रुग्णवाहिकेला फोन करायला सांगितलं आणि मास्तरीणबाईंचा हात धरून म्हणाली, “तुम्ही त्यांच्याशी बोलत राहा, काकू. काहीही बोला, रागवा हवं तर.” मग मान वर करून, “आई, एक चादर आण. आणि गॅस बंद करून ये.”

पडदेवाली जिना चढून वर आली तर घरातून नवऱ्याचा आवाज. हातात जड सामान असलं की तो मागच्या जिन्याने यायचा, त्यामुळे खालचा गोंधळ त्याच्या कानावरही नव्हता. दाराकडे पाठ करून तो खोलीत उभा होता. पायाशी मुलीचे कपडे, ढीग होऊन पडलेले. मशीनचा दिवा चालू, सुई कापडात रुतलेली, कापडावर बायकोचा चष्मा, खाली तिच्या चपला. चहाचं आधण एकटंच उकळत होतं. समोरच्या बिऱ्हाडाचं दार सताड उघडं आणि आत चिटपाखरू नाही. फ्रिजवाल्याची पाचावर धारण बसली होती. फोन त्याने स्पीकरवर लावला होता.

“पाळकसाहेब? तुम्ही... तुम्ही आहात?”

“आहे म्हणजे काय?” मंडळीच्या धर्मगुरूंचा, पाळकांचा झोपाळू आवाज. “जेवून जरा पडलो होतो. काय झालं?”

फ्रिजवाल्याने फोन कापला आणि स्वतःशीच पुटपुटला, “पाळक आहेत. पण पाळक असण्याने काय सिद्ध होतं?”

दारात पडदेवालीला हसू आवरेना. मग त्याने मावशींना फोन लावला. या मावशी प्रार्थनेआधी खुर्च्या मांडायच्या, प्रार्थनेनंतर आवरायच्या, आणि कुणाविषयी वाकडा शब्द त्यांच्या तोंडून कुणी ऐकला नव्हता. अख्ख्या मंडळीतून एकच माणूस उचललं जायचं ठरलं तर ते कोण, याबद्दल बेकरीवाल्याचंही दुमत नव्हतं. फोन वाजत राहिला. त्याने पुन्हा लावला, पुन्हा वाजत राहिला. मावशी दुपारी ऐकायचं यंत्र कानातून काढून झोपतात हे पडदेवालीला ठाऊक होतं. तिच्या नवऱ्याला फक्त एवढंच कळलं, की मावशी गेल्या. तो मटकन खाली बसला.

ती ‘अहो’ म्हणणारच होती, पण थबकली. इतकी वर्षं हा माणूस छातीठोक सांगत आला होता की पहिल्या क्षणाला जाणाऱ्यांत आपण असू. आणि आज बायको-पोर घरात दिसत नाहीत म्हटल्यावर, बाजारात गेली असतील, शेजारी असतील, असं त्याच्या मनालाही शिवलं नाही. आपण मागे राहिलो हे त्याने हूं की चूं न करता मानून टाकलं होतं! चोराच्या मनात चांदणं. ती तशीच उभी राहिली.

“प्रभू,” तो रडत होता, “तीसुद्धा गेली. जिने आयुष्यात एकदा तो तक्ता नीट वाचला नाही, ती गेली. मी राहिलो. का राहिलो ते मला माहीत आहे. पोरीसाठी आलेला तो फोन. मीच सांगितलं नर्सिंगच्या शाळेतल्या बाईंना, मुलीचा विचार बदललाय, जागा दुसऱ्या कुणाला द्या. आणि घरी येऊन तुझं नाव पुढे केलं. एकदा, एकदाच तिला परत पाठव. मी तिच्या पाया पडून सांगेन.”

महिनाभर पडदेवाली ज्या देवावर रुसली होती, त्याचा काही दोष नव्हता. ती आत गेली आणि तिने गॅस बंद केला. आवाजासरशी तो गर्रकन वळला.

“तू! तू आहेस? आणि पोरगी?”

“खाली आहे. मास्तर चक्कर येऊन पडलेत.”

“म्हणजे झालं नाही! हालेलूया!” तो उठला, बाहीने डोळे पुसून हसायलाही लागला. मग त्याचं हसू हळूहळू उतरलं. “तू केव्हा आलीस?”

“पाळक उठले तेव्हा.” तिने कपाटातून चादर ओढली. “चला खाली. पाया पडून सांगणार होतात ना?”

“अगं, घाबरून माणूस काय वाट्टेल ते बोलतो. आणि आत्ता लोक आहेत तिथे. योग्य वेळ बघून मी—”

“योग्य वेळ? जन्मभर ‘वेळ नाही, वेळ नाही’ म्हणून आमची डोकी उठवलीत, आणि आता तुम्हाला वेळ हवाय? देवाच्या नावावर खोटं खपवलंत तुम्ही! मी त्याच्यावर रागावून बसले होते, माहीत आहे? त्याची माफी आता मी मागू, की तुम्ही मागताय?”

तो तिच्यामागून खाली आला.

रुग्णवाहिका आली तेव्हा मास्तरांनी डोळे उघडले होते. स्ट्रेचर उचलणाऱ्या माणसाने मुलीला विचारलं, “छान सांभाळलंत. कुठल्या हॉस्पिटलात असता?”

“औषधाच्या दुकानात,” ती म्हणाली.

गाडी गेली, लोक पांगले. जिन्यापाशी तिघंच उरली. पडदेवालीने नवऱ्याकडे नुसतं पाहिलं.

“पोरी,” त्याने घसा साफ केला, “मागच्या महिन्यात सैतानाने माझ्या मनात—”

“फोन सैतानाला आला होता का?” पडदेवालीने विचारलं.

मग त्याने सरळ सांगितलं. सांगायला दोनच वाक्यं पुरली. मुलगी रडली नाही की ओरडली नाही. तिने समोरच्यांचा फोन मागून आणला आणि नर्सिंगच्या शाळेला लावला. “हो,” म्हणाली, “हो. नाही, मी नाही, माझ्या वडिलांनी. कळलं.” फोन परत देऊन ती आली आणि पायरीवर बसली.

“जागा भरली. पुढच्या वर्षी पुन्हा परीक्षा द्या म्हणाल्या.”

“मग झालं तर!” फ्रिजवाल्याचा चेहरा एकदम उजळला. “पुढच्या वर्षी दे. मी स्वतः घेऊन जातो तुला. वर्ष काय गं, असं निघून जाईल!”

मुलगी त्याच्याकडे वळली.

“पप्पा, पुढचं वर्ष आहे?”

एरवी यावर तो तासभर बोलला असता.

“आहे,” तो म्हणाला.

“त्या बाईंचा फोन आला, तेव्हाही होतं?”

त्याने बायकोकडे पाहिलं. पडदेवालीने तोंड फिरवलं नाही, पण मदतीलाही आली नाही. लाज त्याची होती, ती त्यालाच निस्तरू दे, असं तिला वाटलं, आणि तसं वाटल्याचं तिला मुळीच वाईट वाटलं नाही.

“होतं,” तो म्हणाला. “तुला दूर पाठवायचं नव्हतं मला. बाकी काही नाही.”

“मग तसं म्हणायचं होतं, पप्पा,” मुलगी म्हणाली. “मी ऐकलंही असतं कदाचित.”

ती उठली आणि मास्तरांच्या दारातलं सांडलेलं पाणी पुसायला फडकं शोधायला गेली.