पुठ्ठ्यावरचा डाग

गाडीचं ऑइल बदलायची वेळ आली की आमच्या घरात दोन पक्ष पडतात. नवरा कंपनीच्या सर्व्हिस सेंटरच्या बाजूचा, मी आमच्या घरामागच्या शेडच्या. सासूबाई त्या दिवशी ज्याने चहा केला असेल त्याच्या बाजूच्या.

"तिथे कसं, सगळं शिस्तीत असतं," नवरा म्हणतो. "गाडी द्यायची, गार हॉलमध्ये बसायचं, कॉफी प्यायची, गाडी घेऊन यायचं. वर पुस्तकात शिक्का."

"तू बसतोस कॉफी पीत. मला भिंगरी बसू देते का?"

भिंगरी म्हणजे आमची लेक. वय दोन, आणि नाव तिने स्वतःच्या कर्तबगारीवर मिळवलेलं. मागच्या खेपेला ती त्या गार हॉलमधल्या टोकनच्या यंत्राचं बटण असं काही दाबत सुटली, की कागदाची लांबच लांब शेपटी जमिनीवर पसरली आणि लोकांना एकमेकांचे नंबर कळेनासे झाले. मी शेपटी गोळा करत असताना काउंटरवरचा मुलगा अगदी अदबीने म्हणाला, "मॅडम, गाडीचं मी साहेबांशीच फोनवर बोलून घेतो." ते मात्र मला झोंबलं.

कारण गाडीतलं थोडंफार मला कळतं. माझे बाबा शाळेत भूगोल शिकवायचे, पण सुट्टीच्या दिवशी ते नकाशात नव्हे, गाडीखाली सापडायचे. शेजारी मी. त्यांनी पाना मागायचा, मी द्यायचा; पुढे पुढे मी मागायची आणि ते द्यायचे. त्यांची एक पद्धत होती. ऑइल बदलून झालं की इंजिनाखाली एक कोरा पुठ्ठा सरकवायचा आणि संध्याकाळी तो बाहेर ओढून 'वाचायचा'. कोरा निघाला तर पास. थेंब दिसला तर बाई, पुन्हा पाठीवर झोप.

तरी खरं सांगायचं तर हे सगळे बहाणे. ब्रेक, एअरबॅग असल्या कामांच्या नादाला मी लागत नाही, ती सर्व्हिस सेंटरनेच करावीत. पण ऑइल बदलायचा तो तास मला सोडवत नाही. भिंगरी झाल्यापासून मी न्हाणीघरात असले तरी दारावर थाप पडते. गाडीखाली मात्र कुणी येत नाही. तिथे डोक्यावर इंजिन असतं, हातात पाना असतो, आणि मी कुणाची कोण आहे हे थोडा वेळ माझ्याही लक्षात नसतं.

या वेळी नवऱ्याने पैजच लावली. "ठीक आहे, कर. पण तुझ्या बाबांचाच नियम. संध्याकाळी पुठ्ठा मी वाचणार. एक थेंब जरी दिसला, तर यापुढे मुकाट्याने सर्व्हिस सेंटर."

"आणि कोरा निघाला तर?"

"तर तुझं राज्य. मी तोंड उघडणार नाही."

"हे तर अशक्यच," सासूबाई आतून म्हणाल्या.

रविवारी सकाळी गाडी थोडी फिरवून आणली, म्हणजे ऑइल गरम होऊन नीट वाहतं. पुढची चाकं उचलून गाडी दोन लोखंडी घोड्यांवर, म्हणजे स्टँडवर, टेकवली, हलवून बघितली, आणि मगच खाली शिरले. नवरा "मी इथे असलो की बोलेन" असं म्हणून बाजारात निघून गेला. शेडच्या दारात सासूबाई पाटावर बसून मटार सोलत होत्या. भिंगरी त्यांच्या पायाशी, तिच्या कड्यांच्या मनोऱ्यासकट. मधल्या दांडीत एकावर एक रंगीत कडी घालायची आणि सगळी ओतून पुन्हा घालायची, हा तिचा सध्याचा उद्योग. बाजूच्या स्टुलावर मी नवा फिल्टर आणि तांब्याचा नवा वॉशर ठेवला होता. पुठ्ठा भिंतीला टेकवून तयार होता.

"आई, एवढ्यावर लक्ष ठेवाल ना?"

"ठेवते गं. तू जा पाताळात."

तळाचा बोल्ट सैल केला आणि काळं ऑइल घमेल्यात पडायला लागलं. जाड धार, मग बारीक, मग थेंब. ते थेंब बघत पडून राहण्याइतकं सुख मला अलीकडे कशात मिळालेलं नाही. वरून आजी-नातीचं चाललेलं ऐकू येत होतं.

"तोंडात नाही घालायचा मटार. दे इकडे. हा कच्चा आहे. बरं, एक खा."

जुना फिल्टर काढला, नवा बसवला. आता फक्त बोल्ट. बोल्टच्या खाली पातळ कड्यासारखा वॉशर लागतो, आणि तो दर वेळी नवा हवा, हे बाबांचं ब्रीद. जुना चेपलेला असतो, तो पुन्हा लावला की ऑइल झिरपलंच. मी बाहेर हात काढून स्टूल चाचपलं. एकदा. पुन्हा एकदा. मग स्वतःच बाहेर आले.

"आई, वॉशर कुठंय?"

"कोण?"

"ते तांब्याचं कडं. इथे होतं."

"मी कशाला घेऊ बाई तुझं कडं?"

मी स्टुलाखाली बघितलं, पाटाखाली बघितलं, सासूबाईंना उठवून त्यांच्या साडीच्या निऱ्या झटकायला लावल्या. मटारच्या भांड्यात हात घातला. ऑइलशिवाय गाडी दारातून हलणार नव्हती, आणि जुना वॉशर लावला की संध्याकाळी पुठ्ठ्यावर थेंब ठरलेला. गेलं माझं राज्य, असा विचार मनात येतो न येतो तोच माझी नजर भिंगरीवर गेली. ती तोंड मिटून काहीतरी चघळत होती.

मग कसलं राज्य आणि कसली पैज.

"आई, हिने गिळलं!"

मी तिला उचललं. "आ कर. भिंगरी, आ कर बाळा!" माझे हात कोपरापर्यंत काळे, म्हणून सासूबाईंनी तिच्या तोंडात बोट घातलं. अर्धा मटार निघाला. बोट परत गेलं. बाकी काही नाही. भिंगरीने मात्र हा नवा खेळ समजून आजीच्या बोटाचा चावा घेतला आणि खुदकन हसली.

"घशात असतं तर हसली असती का अशी?" सासूबाई म्हणाल्या, आणि तरी तिच्या तोंडात पुन्हा डोकावल्या.

"पोटात गेलं असेल तर? आई, आपण डॉक्टरकडे जाऊ. गाडी..." गाडी तर घोड्यांवर, पोट रिकामं करून उभी. "रिक्षा बघते!"

मी तिला छातीशी धरून वळले, तेवढ्यात सासूबाईंनी माझा दंड पकडला.

"सूनबाई. इकडे बघ."

जमिनीवर कड्यांचा मनोरा उभा होता. खाली लाल, त्यावर हिरवं, निळं, पिवळं, आणि सगळ्यात वर, दांडीच्या टोकाला, एक चकचकीत तांब्याचं कडं.

"काखेत कळसा आणि गावाला वळसा," सासूबाई म्हणाल्या आणि धपकन पाटावर बसल्या.

लोकांचा जीव भांड्यात पडतो. माझा ऑइलच्या घमेल्यात पडला असावा. मी भिंगरीला घेऊन तिथेच जमिनीवर बसले आणि तिच्या गालाचे, मानेचे, मिळेल तिथले मुके घेतले. ती अंग चोरत, हसत, माझ्या काळ्या हातांवर थापट्या मारत होती. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं, की मगाशी मी खाली असताना तिने मला एकदाही हाक मारली नव्हती, ते ती या कामात गढली होती म्हणून. आमचं दोघींचं एकच चाललं होतं. मायलेकी आपापल्या वॉशरच्या नादात.

ती सुटल्याबरोबर हात टेकत टेकत इकडेतिकडे पळाली. मी वॉशर काढायला गेले तर किंचाळत परत आली. "माजं! माजं!"

"अगं, ते गाडीचं आहे राणी."

"माजं!"

शेवटी सासूबाईंनी हातातली एक बांगडी उतरवली. "ही घे. त्याच्यापेक्षा मोठी. आणि माझ्या सुनेला तिचं दे."

भिंगरीने दोन्ही वस्तू निरखून पाहिल्या आणि सौदा मान्य केला. मी वॉशर फडक्याने पुसला, बोल्ट बसवला, आवळला. खाली पडल्या पडल्याच दुसऱ्यांदा तपासला. वरून ऑइल ओतलं, पट्टी बुडवून पातळी बघितली, इंजिन सुरू करून बंद केलं, गाडी खाली उतरवली. जुनं ऑइल डब्यात भरून बाजूला ठेवलं. आणि पुठ्ठा सरकवला.

नवरा आला तो दुपारभर या ना त्या निमित्ताने शेडमध्ये डोकावत राहिला. संध्याकाळी चहा झाल्यावर त्याने घसा साफ केला. "चला. निकाल."

त्याने वाकून पुठ्ठा बाहेर ओढला. कडेला, अगदी स्पष्ट, काळा डाग.

"हं," नवरा म्हणाला. त्याला आनंद झाला नाही, हे त्याचं मोठेपण. उलट माझ्याकडे बघायचं तो टाळत होता. "छोटासाच आहे गं. पण आहे."

पैज ती पैज. बोल्ट तर दोनदा तपासला होता. फिल्टर सैल राहिला का? गेला, माझा तास गेला.

"बघू इकडे," सासूबाईंनी चष्मा लावून पुठ्ठा उजेडात धरला. बराच वेळ धरला. मग मुलाकडे वळल्या. "काय रे, थेंबाला बोटं असतात?"

आम्ही दोघं वाकलो. तळवा आणि पाच बोटं. नखाएवढा अंगठा बाजूला. माझ्या कुशीतून सुटून पळताना तिने भिंतीशी टेकवलेल्या पुठ्ठ्याला माझ्या हातांवर थापट्या मारून काळा झालेला हात टेकला असणार, आणि मी तो घाईत न बघताच खाली सरकवला. बोल्टच्या बरोबर खाली, जिथे थेंब पडला असता तिथे, पुठ्ठा कोरा करकरीत होता.

नवऱ्याने बोट फिरवून खात्री केली. मग फरशीवर बसलेल्या भिंगरीकडे पाहिलं. ती मनोऱ्यावर बांगडी घालत होती आणि आजीने मागितली तर मान हलवत होती.

"म्हणजे पास," तो म्हणाला, आणि त्याच्या चेहऱ्यावरचं ओझं उतरलेलं मला दिसलं. "तुझं राज्य. आणि एक सांगू? पुढच्या वेळी मी पण येतो खाली. मदतीला."

"अजिबात नाही," मी म्हणाले. "तू वर थांब. वॉशर सांभाळ."