रिकाम्या स्टेडियमचा गोलकीपर

"आज नको, सत्या," म्हणत वॉल्टरसरांनी तोंड खिडकीकडे वळवलं.

सत्यभामाने वॉकर पलंगाशी तसाच धरून ठेवला. दुबईतल्या जुमेरा लेक टॉवर्समधल्या या फ्लॅटवर ती नर्स म्हणून आली, तेव्हा सरांच्या खुब्याचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. जखम भरली, पण म्हातारा उठायचं नाव काढीना. मुलगा पीटर सकाळीच तिला म्हणाला होता, "असंच चाललं तर त्यांना अमेरिकेला, वृद्धाश्रमात पाठवावं लागेल. मी दिवसभर ऑफिसात. काय करू?"

तेवढ्यात तिचा फोन वाजला. धाकटा भाऊ नागेश बोलत होता; तो दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या एका फॅक्टरीत कामाला होता.

"ताई, शुक्रवारी मॅच आहे आमची. ये ना! मी गोलकीपर. बघायला काळं कुत्रं फिरकत नाय गं!"

फोन ठेवल्यावर तिने हसत हसत ते सरांना इंग्रजीत सांगितलं. सरांची मान वळली.

"आम्हालाही कोणी बघत नसे," ते म्हणाले. "मीही गोलकीपर होतो."

मग ते बोलतच राहिले. त्यांच्या तरुणपणी पिट्सबर्गमध्ये पैसे घेऊन फुटबॉल खेळणं ही नवलाई होती. बेसबॉलच्या मैदानावर चुन्याच्या रेघा मारून खेळायचं. एका गोलपुढे गवत, दुसऱ्यापुढे नुसती माती. स्टेडियम भलंमोठं, प्रेक्षक मूठभर. खेळाडूच शाळाशाळांतून फुकट तिकिटं वाटत आणि चेंडूला हात का लावायचा नाही, ते पोरांना समजावत. एका मोसमात संघ बंद पडला. पुढचं सगळं आयुष्य सरांनी पोलादाच्या कारखान्यात काढलं.

"पीटरसरांना माहितीय हे?"

"बंद पडलेल्या संघाचं मुलाला काय सांगायचं?"

शुक्रवारी पीटरची परवानगी घेऊन तिने सरांना व्हीलचेअरवर बसवलं आणि वॉकर सोबत घेऊन टॅक्सीने नेलं.

कामगारांच्या खोल्यांमागे वाळूचं मैदान होतं. नागेश गोलपाशी खिळल्यासारखा उभा. दोन गोल खाल्ले. सरांची चुळबुळ सुरू झाली. तिसरा गोल बसला तसे ते ओरडले, "वॉकर!"

थरथरत उभे राहिले. सत्यभामाचा हात पाठीशी होता, पण तिने तो टेकवला नाही. खेळाडू खेळ थांबवून बघत राहिले. सर एकेक पाऊल टाकत गोलच्या खांबापाशी पोचले.

"नागेश," तिने त्यांचं बोलणं मराठीत सांगितलं, "सर म्हणतायत, लायनीला चिकटू नको. पुढे ये. समोरच्याला गोल लहान दिसला पाहिजे."

"आणि त्याने डोक्यावरून मारला तर?"

नागेशचा प्रश्न तिने सरांना विचारला. सर हसले. "तर मागे धावायचं. मी पुष्कळदा धावलोय."

पुढचा चेंडू नागेशने झेपावून अडवला. "शाब्बास, हबीबी!" कुणीतरी ओरडलं. सामना मात्र ते हरलेच.

मग दर शुक्रवारी जाणं ठरूनच गेलं. सर घरातही आपणहून वॉकर मागू लागले. वृद्धाश्रमाचा विषय पीटरने पुन्हा काढला नाही. एका शुक्रवारी ऑफिसातून लवकर सुटून तोच त्यांना गाडीने घेऊन आला आणि बापाच्या खुर्चीशेजारी वाळूत बसला.

"डॅड, तुम्ही खेळायचात, हे मला सत्यभामाकडून कळलं. कधी बोलला नाहीत."

सर म्हणाले, "फार हरायचो रे आम्ही."

"पहिली मॅच कशी झाली, सांगा ना."

पाणी आणायचं निमित्त करून सत्यभामा तिथून उठली. कुंपणापाशी थांबून तिने मागे पाहिलं. ऊन उतरलं होतं. सरांचे सुरकुतलेले हात हवेत उंच जात होते, काहीतरी झेलून छातीशी घट्ट धरत होते. आणि पन्नाशीचा पीटर, टाय सैल करून, मान वर करून ऐकत होता.