लोकार्पण झालेला दवाखाना

विधानसभेत खोटं बोललेलं चालतं, पण समोरच्याला "तुम्ही खोटं बोलताय" म्हटलेलं चालत नाही. शब्द असंसदीय आहे म्हणे. लगेच कामकाजातून काढून टाकतात. माझी ही आमदारकीची दुसरी टर्म, पण ही रीत अजून अंगवळणी पडलेली नाही. आमच्या धनगरवस्तीत खोट्याला खोटंच म्हणतात, आणि वर एक शिवी हासडतात.

पावसाळी अधिवेशन चालू होतं. गुरुवारी माझा प्रश्न लागला. प्रश्न लागतो म्हणजे काय, ते आधी ऐका. महिना-सव्वा महिना अगोदर तो लिहून द्यायचा. मग तो मंत्रालयातून जिल्ह्याला जातो, जिल्ह्यातून तालुक्याला, आणि तिथून त्याच साहेबाच्या टेबलावर, ज्याच्याबद्दल आपली तक्रार आहे. तो साहेब स्वतःच स्वतःला पास करतो. तो कागद तसाच वर चढत जातो आणि मंत्री तो सभागृहात वाचून दाखवतात. चोरालाच विचारायचं, बाबा, तू चोरी केलीस का? याच्यासाठी आम्ही दर अधिवेशनाला बॅगा भरून मुंबईला जातो.

प्रश्न साधा होता. सोलापूरकडच्या वळसंगच्या पुढं आठ-दहा किलोमीटरवर तळेवस्ती आहे, सगळी मेंढपाळांची घरं. तिथल्या जनावरांच्या दवाखान्यात नऊ महिन्यांत एकदाही डॉक्टर आलेला नाही आणि मेंढ्या मरत आहेत, हे खरे आहे काय?

मंत्री उठले. शांतपणे चष्मा लावला.

"हे खरे नाही. सदर दवाखान्याचे लोकार्पण सन्माननीय सदस्यांच्याच शुभहस्ते झालेले असून दवाखाना कार्यरत आहे. त्यामुळे पुढील प्रश्न उद्भवत नाही."

अख्खं सभागृह हसलं. आमच्या बाजूचे सुद्धा. मागच्या बाकावरचा एक जण बाक बडवत म्हणाला, "ताई, फीत कापली तेव्हा आत बघितलं नव्हतं का?"

माझ्या अंगाची आग आग झाली. मी उपप्रश्न विचारला, "डॉक्टर किती दिवस आला, तेवढंच सांगा." तर म्हणे, "अतिरिक्त कार्यभार देण्यात आलेला आहे."

अतिरिक्त कार्यभार! मला कुणी या राज्याचं धोरण विचारलं तर मी हे दोनच शब्द सांगेन. दवाखाना आहे, डॉक्टर अतिरिक्त. शाळा आहे, मास्तर अतिरिक्त. ग्रामसेवक एक आणि गावं चार. भिंती बांधायला निधी कधी कमी पडत नाही, कारण भिंत म्हटली की ठेकेदार आला. माणूस नेमायचा म्हटलं की तिजोरीत खडखडाट. पोरं कमी आहेत म्हणून वस्तीवरची शाळा बंद करा म्हणणारे हेच, आणि बंद शाळेला रंग द्यायला मंजुरी देणारेही हेच. उंटावरून शेळ्या हाकायच्या नुसत्या! हे सगळं मला तिथं बोलायचं होतं. "पुढचा प्रश्न," अध्यक्ष म्हणाले आणि माझा माईक बंद झाला.

आता खरं सांगते. मंत्र्यांचा राग आला, त्याच्या दुप्पट माझा मला आला. कारण फीत मीच कापली होती.

नऊ महिन्यांपूर्वीची गोष्ट. दुसऱ्या दिवशी निवडणुकीची आचारसंहिता लागणार, अशी कुणकुण होती. आदल्या दिवशी आमच्यासारख्यांची काय धांदल उडते, विचारू नका. लग्नघर बरं. सकाळपासून पाच लोकार्पणं आणि तीन भूमिपूजनं उरकत मी तळेवस्तीला पोचले, तर दवाखान्याचा रंग अजून ओला होता. आत वीज नव्हती, लस ठेवायला फ्रीज नव्हता, टेबल-खुर्ची शाळेतनं उचलून आणलेली. माझा स्वीय सहायक संगप्पा कानाशी लागून म्हणाला, "आक्का, आत काहीच नाही." मी म्हटलं, "येईल नंतर सगळं. पाटी बसली का?"

पाटी बसली होती. काळ्या ग्रॅनाइटची, वर सोनेरी अक्षरांत माझं नाव. आमच्यात डॉक्टर नसला तरी चालतो, पाटी नसून चालत नाही.

वस्तीवरच्या मायाप्पानं माझ्या कपाळाला भंडारा लावला, खांद्यावर घोंगडं घातलं. त्याच्या त्रेसष्ट मेंढ्या होत्या तेव्हा. दरवर्षी दिवाळी झाली की तो कळप घेऊन चाऱ्यासाठी बाहेर पडायचा, तो जूनलाच परत यायचा. त्यानं विचारलं, "आक्का, डाक्टर कवा येनार?"

"पंधरा दिवसांत. माझा शब्द हाय."

"मग यंदा मी बाहीर जात न्हाय बगा. नात शाळंत हाय, दवाखाना हितं हाय. हितंच ऱ्हातो की."

माझ्या शब्दावर राहिला तो. त्याचा भाऊ कळप घेऊन गेला, त्याच्या मेंढ्या धडधाकट परत आल्या.

शुक्रवारी कामकाज संपवून मी सोलापूरला आले आणि शनिवारी सकाळी संगप्पाला घेऊन थेट तळेवस्ती गाठली. दवाखान्याच्या पायरीपुढं मायाप्पाचा कळप उभा होता. उभा कसला, निम्म्या तर बसूनच होत्या. नाकं वाहत होती, तोंडाला फोड आलेले, हगवणीनं मागचे पाय भरलेले. मायाप्पाची बायको बजाबाई एक कोकरू मांडीवर घेऊन त्याच्या तोंडात चमच्यानं गुळाचं पाणी घालत होती आणि ते पाणी तसंच खाली गळत होतं. दाराच्या कुलपाला गंज चढलेला. शेजारी माझी पाटी मात्र चकचकीत. बजाबाईच ती सणावाराला पुसते, असं नंतर कळलं.

"किती राहिल्या?" मी विचारलं.

"अडतीस. काल दोन गेल्या." मायाप्पा ओरडला नाही, त्यानं शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं. "मंबईत काय म्हनले, आक्का?"

काय सांगायचं? "म्हनले, दवाखाना चालू हाय."

त्यानं कुलपाकडं बघितलं, मग माझ्याकडं. "आसं व्हय? मग आमालाच दिसंना झालंय जनू."

मी डॉक्टरला फोन लावला. अजिंक्य त्याचं नाव, तिशीच्या आतला पोरगा. "मॅडम, माझ्याकडे पाच दवाखाने आहेत. आज ऑनलाइन आढावा बैठक आहे, सोमवारी नक्की येतो." मग त्याच्या वरच्या साहेबाला लावला. साहेब अगदी गोड आवाजात म्हणाले, "मॅडम, अधिवेशन चालू आहे ना! तुमच्याच लोकांच्या प्रश्नांची माहिती पाठवायचं काम चाललंय ऑफिसात. अधिवेशन संपलं की बघू."

म्हणजे मेंढ्या का मरतायत, याचा कागद तयार करण्यात मेंढ्या बघायचं राहून गेलं होतं. आणि बोलायचं कुणाला? फोन ठेवला.

"सोमवारपातुर धा तर जातीलच," मायाप्पा म्हणाला.

माझं डोकं फिरलं ते तिथंच. "बजाबाई, घरात पहार हाय का?"

कशाला म्हणून तिनं विचारलं नाही. कोकरू नवऱ्याकडं दिलं, घरात गेली आणि पहार आणून माझ्या हातात ठेवली. मी पदर खोचला. पहिला घाव निसटला. दुसऱ्या घावाला माझ्या नावातनं तडा गेला. तिसऱ्याला कोपरा निखळून खाली पडला.

"अक्का, ब्याड्री!" संगप्पा घाबरला की त्याच्या तोंडून कन्नडच बाहेर पडतं. "नका करू, पाया पडतो! सरकारी मालमत्ता हाय ती! लोकं व्हिडिओ काढायलेत!"

"काढू दे. नीट काढा रे, नाव दिसलं पाहिजे!"

अकराच्या सुमाराला पाटी फुटली. बारा वाजायच्या आत पोलिसांची जीप आली. तिच्या मागून मंडल अधिकारी, आणि त्यांच्या मागून पांढऱ्या गाडीतून ते गोड आवाजाचे साहेब. आढावा बैठक सोडून डॉक्टर अजिंक्यही त्यांच्यासोबत. इमारत त्याच्या ताब्यात, म्हणून फिर्याद त्याच्याच नावानं द्यावी लागते, म्हणून त्याला उचलून आणलेला. नऊ महिन्यांत माझी पत्रं गेली, स्मरणपत्रं गेली, विधानसभेत प्रश्न लागला, पंचवीस मेंढ्या मेल्या. चाक हललं नव्हतं. आता दगडाला तडा गेला तर तीन गाड्या!

अजिंक्यनं खिशातून किल्ली काढली. बजाबाई पहिल्यांदाच बोलली, "आगं बया, किल्ली हुती व्हय?"

पोरगं ओशाळलं. कुलूप उघडायलाच त्याला पाच मिनिटं लागली.

फौजदार माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "आक्का, नाइलाज आहे. वरून फोन आलाय. पंचनामा करावा लागेल."

"करा की. मी कुटं पळून चाललीय? पंच कोण घेताय?"

पंचनाम्याला साक्षीला दोन पंच लागतात, तेही जागेवरचे. फौजदारांनी मायाप्पाला हाक मारली. मायाप्पा मेंढ्यांत बसला होता, तिथनंच म्हणाला, "मला येळ न्हाय, सायेब. मेंढरं आजारी हायत." दुसऱ्याला विचारलं. त्याचीही मेंढरं आजारी. तिसऱ्याचीही. वस्तीवरची तीस-चाळीस माणसं जमली होती पाटी बघायला, पण सहीला एकाचाही हात मोकळा नव्हता. साहेबांनी आपल्या ड्रायव्हरला पुढं केला, तर फौजदार म्हणाले, "तुमच्याच खात्याचा माणूस पंच कसा चालेल, साहेब?"

मग मी पायरीवर बसकण मारली. "आधी मेंढ्या, मग दगड. मेंढ्या बघून झाल्याबिगर या वस्तीत आज कुणाला सही येत नाही."

"मॅडम, हा दबाव आहे," साहेब लालेलाल झाले.

"दबाव नाही, साहेब. अतिरिक्त कार्यभार आहे."

साहेब गाडीकडं वळले. पण अजिंक्य हलला नाही. तो मेंढ्यांकडं बघत होता. एकीच्या जवळ गुडघ्यावर बसला, तिचं तोंड उघडून बघितलं, डोळ्याची पापणी खाली ओढली. मग अंगातला शर्ट काढून गाडीच्या बॉनेटवर टाकला आणि बनियनवरच साहेबांना म्हणाला, "सर, सोलापूरहून लस मागवा. आत्ता. नाहीतर फिर्यादीवर मीपण सही करत नाही." शाब्बास रे पठ्ठ्या, मी मनात म्हटलं. साहेबांना फोन लावावाच लागला. बर्फाच्या पेटीतून लस आली ती त्यांच्याच ऑफिसच्या गाडीतून, दुपारी अडीचला. सोलापूर काही लांब नव्हतं कधीच.

पाच वाजेपर्यंत पोरगं कामाला जुंपलेलं होतं. आजारी मेंढ्या वेगळ्या काढल्या, सुया दिल्या, बाकीच्यांना लस टोचली. वस्तीवरच्या बाकीच्या कळपांचीही नोंद करून घेतली. बजाबाईच्या मांडीवरचं कोकरू मात्र लस यायच्या आधीच गेलं. तिनं ते पदरानं झाकलं आणि तशीच बसून राहिली. अजिंक्य म्हणाला, "मावशी, थोडं आधी..." आणि दुसऱ्या मेंढीकडं गेला. बैल गेला आणि झोपा केला, दुसरं काय!

मग दगडाचा पंचनामा झाला. फौजदारांनी टेप लावून पाटी मोजली आणि वाचून दाखवलं, "काळ्या ग्रॅनाइटची पाटी, तीन फूट बाय दोन फूट, मध्यभागी आडवा तडा, उजवा खालचा कोपरा निखळलेला, त्याचे दोन तुकडे जागेवर मिळून आले." किती काळजीनं लिहिलेलं! या वस्तीवरच्या कुठल्या जिवाबद्दल सरकारनं इतकं बारकाईनं काही लिहिलं असेल, तर मला दाखवा.

मायाप्पानं कान देऊन सगळं ऐकलं. "ह्यात माजी मेंढरं लिव्हली का, सायेब?"

"नाही मामा. हा पाटीचा पंचनामा आहे. मेंढ्यांचं खातं वेगळं."

"आसं व्हय," म्हणत त्यानं सही केली. साहेबांच्या गाडीचं दार लागलं तेव्हा मी मोठ्यानं ओरडून सांगितलं, "मंत्र्यांना कळवा, दवाखाना आज कार्यरत आहे! तारीख घालून कळवा!" लोक हसले, टाळ्या पडल्या. संगप्पानं मोबाईल दाखवला. लाखभर लोकांनी व्हिडिओ बघितला होता. माझ्यावर गुन्हा दाखल होणार होता, पण मला काय वाटत होतं सांगू? छाती फुगली होती माझी. आता मायाप्पा येईल, पुन्हा भंडारा लावेल, चार चांगले शब्द बोलेल. आम्हाला सवयच असते तशी.

मायाप्पा आला. हातात बजाबाईचं ते मेलेलं कोकरू होतं, पुरायला निघाला होता. माझ्यापुढं थांबला, फुटक्या पाटीकडं एकदा बघितलं.

"सव्वीस गेली, आक्का," तो म्हणाला. "पयली गेली, तवाच फोडायचा हुता की ह्यो दगड."