ओमेरच्या डब्याचं वजन

नगरपालिकेचं पत्र जॉर्जेटच्या नावाने आलं, तेव्हा जॉर्जेटला जाऊन सात महिने झाले होते. पत्रात लिहिलं होतं की आपला नंबर लागला आहे, शनिवारी सकाळी दहा वाजता जुन्या वीटभट्टीच्या आवारात या आणि तीन कोंबड्या घेऊन जा. खोकं आपलं आपण आणावं.

ओमेरने पत्र दोनदा वाचलं. बायकोने कोंबड्यांसाठी अर्ज केला होता आणि त्याला पत्ता नव्हता. पत्र घडी करून त्याने खिशात ठेवलं आणि शनिवारी तो नको म्हणून सांगायला गेला. म्हणून तर खोकं नेलं नाही.

पालिकेच्या टेबलामागे आलिडा बसली होती. गावात तिला सगळे खतबाई म्हणत. कुणाच्या परसातला खताचा ढीग नीट कुजत नसला की बाई हातमोजे घालून हजर, तेही फुकटात.

"मला कोंबड्या नकोत," ओमेर म्हणाला. "अर्ज बायकोचा होता. ती गेली."

"ठाऊक आहे मला. चांगली होती हो जॉर्जेट." आलिडाने कागद पुढे सरकवला. "नको असतील तर इथे सही करा. यादीत पुढे अजून चाळीस घरं आहेत."

कागद म्हणजे जॉर्जेटचाच अर्ज होता. 'कोंबड्या कशासाठी हव्यात?' या प्रश्नापुढे तिच्या तिरक्या अक्षरात उत्तर होतं: 'नवरा पानात टाकतो. सांगून सांगून थकले.'

ओमेरचे कान लाल झाले. "मी? मी पानात टाकतो?"

"मला काय विचारता?"

"अहो, भट्टीवर चाळीस वर्षं राबलेला माणूस पानात टाकत नसतो. ते इवलेसे कोबीचे गड्डे तेवढे बाजूला ठेवायचो. ती काय खायची वस्तू आहे?"

"तिने गड्ड्यांचं नाव घेतलेलं नाही," आलिडा म्हणाली. मागे रांगेत कुणीतरी फिसकन हसलं.

ओमेरने लेखणी खाली ठेवली. "कुणाकडे जास्तीचं खोकं आहे का?" त्याने मागे वळून विचारलं.

कोंबड्या मिळाल्या त्या अटींसकट. दोन वर्षं कापायच्या नाहीत. घरातलं उरलंसुरलं आणि सालं-देठं त्यांना घालायची. गावात कचऱ्याची गाडी पंधरा दिवसांनी येई आणि प्रत्येक घराचा डबा तोलून नेई, त्यामुळे कुणाच्या घरातून किती कचरा निघतो ते पालिकेला किलोत कळत असे. तीन महिन्यांत डब्याचं वजन ठरलेल्या आकड्याखाली आलं पाहिजे. नाही आलं तर कोंबड्या परत, पुढच्या घराला.

घरी येऊन ओमेरने खोकं परसात उघडलं. तिघी बाहेर आल्या, अंग झाडलं आणि स्वयंपाकघराच्या दारासमोर एका ओळीत उभ्या राहून त्याच्याकडे एका डोळ्याने बघू लागल्या. त्याला लग्नाचा दिवस आठवला. जॉर्जेटच्या तिघी बहिणी चर्चच्या दारात अशाच उभ्या होत्या. त्याने कोंबड्यांना मेव्हण्यांचीच नावं दिली: झुल्मा, इर्मा आणि ब्लँश.

कुंपणापलीकडून फिर्मिनने डोकं वर काढलं. फिर्मिनकडे शर्यतीची कबुतरं होती आणि बाकीच्या पक्ष्यांना तो पक्षी मानत नसे.

"हे काय आणलंस लेका? यांना सोडलं तर कुठवर जातील?"

"कुंपणापर्यंत."

"आणि परत?"

"परत यायचं काय, जायलाच तयार नाहीत."

"कापणार कधी?"

"दोन वर्षं बंदी आहे."

"बरं. तिसऱ्या वर्षी हाक मार." फिर्मिनचं डोकं खाली गेलं.

अडचण दुसऱ्या दिवशी लक्षात आली. घरात सालंच नव्हती. जॉर्जेट गेल्यापासून ओमेर दुकानातलं गोठवलेलं जेवण आणत असे. वरचा कागद फाडायचा, प्लास्टिकला चार भोकं पाडायची आणि सहा मिनिटं मायक्रोवेव्ह. खाऊन झालं की ताटली डब्यात. या जेवणातून कागद उरे, प्लास्टिक उरे, पण कोंबडीने चोच लावावी असं काही उरत नसे. आणि आता तर तो इरेला पेटून ताटलीचा कोपरान् कोपरा पुसून खात होता. पानात टाकतो म्हणे!

मेव्हण्या दाराशी उभ्याच. शेवटी त्याने दुकानातून कोंबड्यांच्या खाण्याची प्लास्टिकची मोठी गोणी आणली. खाणं संपलं की गोणी डब्यात. खुराड्यातला घाण पेंढाही डब्यात.

महिन्याने आलिडा पालिकेचा कागद घेऊन आली. "ओमेर, आधी तुमचा डबा नऊ किलो भरायचा. आता सोळा भरतो."

"असं?"

"साडेतीनशे घरांना कोंबड्या दिल्या आम्ही. कचरा वाढलेलं हे पहिलंच घर." तिने डब्याचं झाकण उघडून आत पाहिलं. "पेंढा इथे कशाला? परसात ढीग लावा, खत होईल. खाणं गिरणीतून सुटं मिळतं, आपली पिशवी न्या. आणि या ताटल्या किती! एकटा माणूस एवढं खातो?"

"ताटलीत खाणं थोडं असतं. ताटलीच जास्त असते."

"दोन महिने राहिले आहेत," आलिडा म्हणाली. "मला आवडणार नाही, पण न्याव्या लागतील."

त्या संध्याकाळी ओमेर परसात उलट्या बादलीवर बसून राहिला. पंधरवड्यापूर्वी कुणी या कोंबड्या नेल्या असत्या तर त्याने दार उघडून धरलं असतं. आता तसं नव्हतं. जॉर्जेटचे कपडे मुलगी कात्रैन घेऊन गेली होती, चष्मा दान झाला होता, सायकल पुतणीकडे होती. घरातून तिच्या वस्तू एकेक करून बाहेरच जात होत्या. ती गेल्यावर तिने मागवलेलं काही घरात आलं असेल तर ते हेच. ते तो परत जाऊ देणार नव्हता.

आधी त्याने सोपा मार्ग काढला. फिर्मिनच्या बायकोकडून रोज भाजीची सालं मागून आणायची. मेव्हण्या खूश झाल्या. पंधरा दिवसांनी कळलं की ओमेरच्या डब्याला ढिम्म फरक पडला नाही आणि फिर्मिनचा डबा मात्र तीन किलोने हलका झाला.

"असंच चालू दे गड्या," फिर्मिन म्हणाला. "पालिका माझा सत्कार करेल. तुलाही बोलवीन."

मग ओमेर शुक्रवारच्या बाजारात गेला. कापडी पिशवी घेऊन गेला आणि दोन किलो गाजरं, एक कोबी आणि पातीच्या लांबलचक कांद्यांची जुडी आणली. घरी येऊन सगळी गाजरं सोलली, कोबीची बाहेरची पानं काढली, पातीचे हिरवे शेंडे छाटले. कोंबड्यांनी दहा मिनिटांत फडशा पाडला.

तो आत आला तर टेबलावर दोन किलो नागडी गाजरं पडलेली. त्याच्या डोक्यात हे आलंच नव्हतं. साल तेवढं कामाचं, बाकीचं गाजर आता कचरा! त्याने डब्याकडे पाहिलं. डब्यात टाकली तर दोन किलो वाढणार. ढिगावर टाकावीत तर खतबाई बघणार, आणि वर कुठूनतरी जॉर्जेटही बघणार.

त्याने कात्रैनला फोन लावला.

"बाबा? काय झालं? बरा आहेस ना?"

"तुझी आई सूप कसं करायची?"

"तू सूप करणार आहेस?"

"गाजरं पडली आहेत. कशी कमी करायची ते सांग."

"मला कुठे माहीत बाबा? ती मला स्वयंपाकघरात उभं करायची नाही. लोण्यात आधी कांदा परतायची एवढं आठवतं. आणि बटाटा घालायची, दाटपणाला." मग ती म्हणाली, "मला फोनवर ठेव. बघू या दोघं."

पहिलं सूप खारट झालं. दुसरं पाण्यासारखं. तिसरं ओमेर दोन वाट्या प्यायला आणि तिसरी वाटी घ्यावी का, यावर विचार करत बसला. एकट्यापुरतं सूप त्याला कधी जमलंच नाही, त्यामुळे रोज उरे. उरलेल्यात शिळा पाव कुस्करून तो परसात नेई. तिघी धावत येत, आणि त्यांच्या चोची केशरी होत.

बाजारातली भाजीवाली आता त्याच्यासाठी पातीचे शेंडे बाजूला काढून ठेवी. दुकानातल्या गोठवलेल्या जेवणाच्या कपाटापुढे तो शेवटचा कधी उभा राहिला होता, हे त्याला सांगता आलं नसतं. फोन मात्र रोज सहा वाजता होई. कात्रैन आधी आज कशाचं सूप ते विचारी, मग प्रकृती.

ठरल्या दिवशी आलिडा आली. हातात वही होती आणि आकड्याला टांगून तोलायचा काटा. ओमेरने डब्यातली पिशवी काढून दिली, तिने ती आकड्याला लावली.

"चार किलो दोनशे," ती म्हणाली. "शाब्बास! दोन माणसांच्या घराला सहाची मर्यादा आहे. झालं तर मग." तिने वही उघडली आणि लिहिता लिहिता थांबली. "अर्जात माणसं दोन लिहिली आहेत. ते अजून बदललेलं नाही."

"एकाला किती?"

"तीन किलो."

इर्मा आलिडाच्या बुटाची नाडी ओढत होती. आलिडाने पाय हलवला नाही. "मला विचारावं लागतं, ओमेर. तुम्ही सांगाल ते मी लिहीन. घरात माणसं किती?"

दोन म्हटलं असतं तर काम झालं असतं. आलिडाने तसंच लिहिलं असतं, हेही त्याला कळत होतं. पालिकेच्या कागदावर तो आणि जॉर्जेट अजून एकाच घरात राहत होते, एकाच डब्यात कचरा टाकत होते. तो कागद असाच राहावा, असं त्याला फार वाटलं. पण जॉर्जेटने उभ्या जन्मात कुणाला काट्यावर फसवलं नव्हतं. बाजारात चार चेरी जास्त आल्या तर ती परत द्यायला जाई.

"एक," तो म्हणाला.

आलिडाने एक लिहिलं. मग तिने वही बादलीवर ठेवली आणि हातमोजे चढवले.

"हे काय करता?"

"एका माणसाचा सव्वाचार किलो कचरा होतोच कसा, ते बघते." तिने पिशवी उघडून हात घातला आणि आतून जाड बुडाचं एक काळंठिक्कर भांडं बाहेर काढलं. "हे काय आहे?"

ओमेर खाली बघू लागला. "मंगळवारी करपलं. कात्रैन फोनवर होती, बोलण्यात राहून गेलं. जॉर्जेटचं होतं. दोन दिवस खरवडलं, मग बघवेना म्हणून टाकलं."

"धातू या डब्यात टाकतात?"

"नाही."

"आणि हे भांडं टाकायचं आहे? बूड शाबूत आहे. खायचा सोडा घालून उकळा, रात्रभर ठेवा, पुन्हा उकळा. तीन-चारदा करावं लागेल. सुटेल ते." तिने पिशवी पुन्हा आकड्याला लावली, काटा स्थिर होईपर्यंत थांबली आणि मान हलवली. "दोन किलो आठशे. बसलं. आता सही करा. तुमच्या नावावर करते तिघींना."

ओमेरने सही केली.

आलिडा फाटकातून बाहेर पडली तसं कुंपणावर फिर्मिनचं डोकं आलं. "काय रे, नेल्या का?"

"राहिल्या."

"अरे वा! मग आज सूपला येतो."

"भांडं करपलंय."

"मग?"

"घासायला ये," ओमेर म्हणाला आणि सोडा शोधायला आत गेला.