अखंड जोडणी

"रात्री आडवं झालं की श्वास कोंडतो," असं म्हणत धाकटीनं पायाच्या अंगठ्यानं पंख्याचं बटण बंद केलं. "उशा रचून बसते, तेव्हा कुठे डोळा लागतो. आणि पाय बघा ना, सुजून भोपळ्यासारखे झालेत."

तिचे स्वतःचे पाय टेबलाखाली उत्तम स्थितीत होते. सुजलेले पाय दूरच्या एका रुग्णालयात होते, आणि ज्या बाईचे होते तिला डॉक्टरांच्या भाषेतलं अक्षर कळत नव्हतं. बाई आपल्या भाषेत सांगे, धाकटी ते कानाला लावलेल्या हेडफोनमधून ऐके आणि डॉक्टरांना त्यांच्या भाषेत सांगे. डॉक्टरांचा प्रश्न त्याच वाटेनं उलटा जाई. दुभाष्याच्या पेशाचा पहिला नियम असा, की ‘त्या म्हणतात, त्यांना दम लागतो’ असं म्हणायचं नाही. ‘मला दम लागतो’ असंच म्हणायचं. मध्ये एक तिसरं माणूस बसलेलं आहे याचा दोन्ही बाजूंना विसर पडला पाहिजे. धाकटी या कामात इतकी मुरलेली होती, की अधूनमधून तिला स्वतःलाच त्या तिसऱ्या माणसाचा विसर पडे.

वीज नुकतीच गेली होती. दुपारची जायची तशी. इन्व्हर्टरवर पंखा चालला असता, पण पंख्याचा वारा कुणाच्या आजारापेक्षा महत्त्वाचा नाही, निदान बॅटरी किती टिकेल हे नक्की नसताना तरी नाही. तिनं राउटरकडे पाहिलं. दिवे हिरवे होते. कपाळावरचा घाम ओढणीनं टिपून ती म्हणाली, "नाही डॉक्टर, माझ्या घरात हृदयविकार कुणाला नव्हता."

कंपनीच्या करारात ‘अखंड जोडणी’ अशा भारदस्त मथळ्याचा एक परिच्छेद होता. जोडणी अखंड राखणं ही दुभाष्याची वैयक्तिक जबाबदारी असून वीजपुरवठा, हवामान व तत्सम कारणं ग्राह्य धरली जाणार नाहीत, असं त्यात म्हटलं होतं. हा परिच्छेद ज्यानं लिहिला त्याच्या खोलीतला दिवा जन्मात कधी गेला नसावा. वीज जाणं हे त्याच्या लेखी एक तत्सम कारण होतं. आणि धाकटीची जोडणी पूर्वी एकदा खंडित झालेली होती. एक बाप तापानं झटके येणाऱ्या मुलाबद्दल सांगत असताना वाक्याच्या मधोमध सगळं बंद पडलं. त्या मुलाचं पुढे काय झालं हे तिला कधीच कळलं नाही. कंपनीनं मात्र तिला तत्परतेनं कळवलं, की असं पुन्हा घडल्यास यादीतून नाव वगळण्यात येईल.

नाव वगळलं जाणं या घराला परवडणारं नव्हतं. कॉलेज बंद पडल्यापासून प्राध्यापक, म्हणजे तिचा नवरा, घरीच असे. संवादाच्या तत्त्वज्ञानावरचा त्याचा ग्रंथ अनेक वर्षं अखेरच्या टप्प्यात होता. घर धाकटीच्या घशावर चाललं होतं.

म्हणून इन्व्हर्टर घेतला. तरीही वीज गेली की राउटरचे दिवे लागलेले आणि इंटरनेट बंद. शेवटी वायरवाल्याला बोलावलं. तो जिना चढून वर जाऊन आला आणि दारातच हसू लागला.

"तुमच्या घरात दोष नाही हो, बाई. तुमची लाइन येते वरच्या जिन्यातल्या पेटीतून. पेटीला वीज वरच्या मीटरची. वर अंधार झाला, की तुमचा राउटर इथे नुसता दिवे लावून बसणार, मांडवात नवरदेव बसावा तसा!"

"मग पेटी खाली आणा ना."

"ते काही माझ्या हातात नाही. अर्ज करा, बघतील. नाहीतर वरच्यांना सांगा, पेटीला बॅटरी लावा म्हणून. एकाच घरातले तर आहात!"

एकाच घरातले होते खरे. फक्त घर एक राहिलं नव्हतं. भावाभावांची वाटणी झाली तेव्हा वरचा मजला थोरल्याला गेला, खालचा प्राध्यापकाला, आणि आई थोरल्याबरोबर वर गेली. मीटर वेगळे झाले, नळ वेगळे झाले. वरचं खाली आणि खालचं वर काही जाणार-येणार नाही, असं कलम प्राध्यापकानं स्वतःच्या भाषेत घालून घेतलं होतं; वकिलाला ते भाषेच्या दृष्टीनं फार आवडलं होतं. पुढे थोरला वारला. वर राहिल्या थोरली जाऊ आणि अंथरुणाला खिळलेली सासू. धाकटी कधीमधी वर जाई, पण पाहुणीसारखी, खुर्चीच्या कडेवर टेकून. सासू तिचा चेहरा निरखून बघे आणि म्हणे, "जपून राहा हो, बाई." म्हातारी माणसं असं म्हणतातच, असं धाकटीला वाटे.

वायरवाला गेल्यावर प्राध्यापक वर जाऊन आला.

"झाली व्यवस्था," तो म्हणाला.

"वहिनी काय म्हणाल्या?"

"तिचा प्रश्न कुठे येतो? आईच म्हणाली, घे."

"काय घे?"

"अगं, झाली म्हणतोय ना व्यवस्था! प्रत्येक गोष्टीचा कीस काढायलाच हवा का?"

तिनं कीस काढला नाही. पुढचा प्रश्न न विचारणं हे तिच्या पेशातलं कौशल्य होतं, आणि घरात तिनं ते सढळ हातानं वापरलं. त्या दिवसापासून वीज गेली तरी जोडणी अखंड राहिली. लोकांची हृदयं, मूतखडे, गर्भपात आणि गाठी एका वाक्याचाही खंड न पडता तिच्या तोंडून जात राहिल्या.

सुजलेल्या पायांच्या बाईचा कॉल संपला. पुढचा यायला थोडा अवकाश होता. तेवढ्यात दार वाजलं. वर मलमपट्टीला येणारी नर्स होती. धाकटीनं तिला जिन्यात येता-जाता पाहिलं होतं, बोलणं कधी झालं नव्हतं.

"पाणी मिळेल का थोडं? वर मागितलं असतं, पण वहिनींचे दोन्ही हात गुंतलेत." मग धाकटीकडे नीट बघून ती चपापली. "अहो, तुम्ही कशाला उठलात? घरात दुसरं कुणी नाही का दार उघडायला?"

"का? मला काय झालंय?"

"आता मला काय माहीत! वरच्या आजीच रोज विचारतात. सिस्टर, माझ्या धाकट्या सुनेच्या हृदयाचं काही कळलं का? परवा म्हणे पोटात गाठ निघाली. मी म्हटलं, आजी, एवढं सगळं एकाच माणसाला कसं होईल? तर मलाच रागावल्या."

धाकटीनं पाण्याचा पेला तिच्या हातात दिला आणि ती पिऊन संपवेपर्यंत तिथंच उभी राहिली. मग अनवाणीच जिना चढली.

जिन्याच्या वरच्या वळणावर भिंतीवर ती पेटी होती. आत एक इवलासा दिवा लुकलुकत होता. पेटीतून निघालेली वायर उंबरा ओलांडून खोलीत गेली होती, आणि सासूच्या पलंगाशेजारच्या स्टुलावर ठेवलेल्या एका बॅटरीत खोचलेली होती. त्या बॅटरीला एकच पिन बसायची सोय होती. पलंगाच्या पायथ्याशी, पाठ चिघळू नये म्हणून घेतलेल्या हवेच्या गादीचा पंप टांगलेला होता, आणि त्याची पिन जमिनीवर पडली होती. गादी रिकाम्या पोत्यासारखी फळीला चिकटली होती. थोरली सासूला कुशीवर वळवून पाठीमागे उशी सारत होती. उघड्या पाठीवर पांढरी पट्टी होती, खोलीला औषधाचा वास होता, आणि औषधाच्या खाली दुसरा एक वास होता.

"कोण, धाकटी?" सासू भिंतीकडे तोंड करूनच म्हणाली. "वर कशाला आलीस? तुला जिना चढायचा नाही ना!"

थोरलीनं तिला दंडाला धरून बाहेर जिन्यात आणलं.

"हे कधीपासून?" धाकटीनं विचारलं.

"तुझा नवरा येऊन पिन बदलून गेला तेव्हापासून. ती बॅटरी गादीची आहे. वीज आल्यावर भरते गादी. पण तोवर सगळी दुपार आईंची पाठ फळीवर. मी वळवते त्यांना. एकटीनं किती वळवणार?"

"तुम्ही मला सांगायचं होतं, वहिनी."

"तुला? तू कधी मोकळी असतेस? खालून सारखा तुझा आवाज. मला दुखतंय, मला झोप नाही, मला रक्त पडलं." थोरलीचा आवाज चढला नाही, नुसता कोरडा झाला. "आई दिवसभर पडून तेच ऐकतात. मी शंभरदा सांगितलं, आई, ती दुसऱ्यांचं बोलते, तिची नोकरीच ती आहे. तर म्हणाल्या, दुसऱ्याचं दुखणं ‘मला दुखतंय’ म्हणून कुणी बोलतं का? तुला जावेचं बघवत नाही म्हणून तू असं म्हणतेस."

"आणि हे? ह्यांनी नाही सांगितलं?"

"त्यालाही आईंनी विचारलं ना. माझ्यासमोर. खरं सांग, तिला फार आहे का रे? डॉक्टरशी बोलणं तुटलं तर काही होईल का तिला?"

"मग?"

"मग काय! मान खाली घातली. तुझा नवरा गप्प बसतो तेसुद्धा एखाद्या विद्वानासारखा. आई म्हणाल्या, घेऊन टाक बॅटरी, माझी पाठ काय, ती आता मसणातच टेकायची आहे."

धाकटीची नजर जिन्याच्या कठड्यावरून खाली गेली. खाली तिचा इन्व्हर्टर होता. त्याच्यावर पंखा चालू शकत होता आणि तिनं तो बंद ठेवला होता. या कठड्यावरून एक वायर खाली सोडली असती तर पेटीही चालली असती, गादीही.

"एक वायर…" ती म्हणाली.

"सुचलं होतं मला," थोरली म्हणाली. "पण खालचं वर काही यायचं नाही असं त्यानं लिहून घेतलंय. सही तुझीपण आहे."

धाकटीनं कठड्यावरून नजर काढून घेतली. बोलायला दुसऱ्या कुणाचं वाक्य हाताशी नव्हतं.

"सिस्टर काय म्हणाल्या?" तिनं शेवटी विचारलं.

"जखम हाडापर्यंत गेलीय म्हणते. आता नुसतं स्वच्छ ठेवायचं. भरून येईल असं काही म्हणाली नाही."

खालून कॉलची घंटी वाजू लागली. बंद दारातून, छतातून, फरशीतून ती इतकी स्पष्ट वर आली, की धाकटी दचकली. इथून सगळं असंच ऐकू येत होतं तर. पाठोपाठ प्राध्यापकाचा आवाज आला.

"अगं, कुठे आहेस? कॉल आलाय! घे लवकर!"

आत सासूनं मान वळवायची धडपड केली. "धाकटे, जा बाई. तुझे डॉक्टर आले. थांबायचे नाहीत ते."

धाकटी खोलीत गेली. स्टुलापाशी वाकली. पेटीची पिन तिनं उपसून काढली, जमिनीवरची पंपाची पिन उचलली, आणि तिच्या जागी बसवली. पंप घरघरू लागला. खालची घंटी मध्येच तुटली.

"काय केलंस?" सासू घाबरून म्हणाली. तिचा एक हात चादरीवरून बॅटरीच्या दिशेनं सरकू लागला. "अगं, काय केलंस हे? थोरले, परत लाव ते! आधी तिचं लाव!"

थोरली दारात उभी होती. तिनं हात हलवला नाही. "आता तूच सांग त्यांना," ती धाकटीला म्हणाली. "माझं नाही ऐकत त्या."

धाकटी पलंगाच्या पलीकडच्या बाजूला, भिंत आणि पलंग यांच्यातल्या चिंचोळ्या जागेत शिरली, सासूचा चेहरा समोर येईल अशी खाली बसली. गादीच्या एकेका कप्प्यात हवा भरत होती. म्हातारीचं खांद्याचं हाड हळूहळू वर उचललं जात होतं आणि त्या हालचालीनं तिचे ओठ आवळले जात होते. डोळे मात्र धाकटीच्या तोंडावर खिळले होते.

"आई," धाकटी म्हणाली. घसा साफ करून तिनं पुन्हा सुरुवात केली. "आई, मी बरी झाले."

"काय?"

"बरी झाले. आज शेवटचंच बोलणं होतं. डॉक्टर म्हणाले, आता काही राहिलं नाही. परत बोलायची गरज नाही."

"आणि ती गाठ?"

"साधी होती."

"आणि पाय? पाय सुजले होते ना गं तुझे?"

धाकटी अवघडून उठली आणि आपलं एक पाऊल पलंगाच्या कडेवर ठेवून दाखवलं. म्हातारीनं ते बराच वेळ पाहिलं. मग बॅटरीकडे निघालेला तिचा हात परतून त्या पावलावर येऊन विसावला, आणि बोटांनी घोट्याभोवती दाबून बघू लागला, सूज उतरल्याची खात्री करून घेत.

"बघ," ती थोरलीला म्हणाली. दमामुळे शब्द तुटक येत होते, पण त्यात विजय होता. "तू म्हणत होतीस, हिला काही झालेलंच नाही. मी माझ्या कानांनी ऐकत होते. म्हटलं होतं ना, वाचेल ही."

"हो आई," थोरली म्हणाली. "म्हटलं होतंत."

"लाइन गेली!" प्राध्यापक खालून ओरडला. "पिन कुणी काढली? अगं, यादीतून नाव जाईल तुझं! ऐकतेस का?"

पंप घरघरत राहिला. मग जिन्यावर चपलांचा आवाज येऊ लागला, पहिल्या वळणापर्यंत भराभर, त्यानंतर सावकाश.

थोरली मागे फिरली, उंबऱ्यावर लोळणारी पेटीची वायर पायानं बाहेर लोटली, आणि जिन्याकडचं दार तिनं आतून लावून घेतलं.